गुरुवारी न उलटलेलं चुंबक

धामणकर सरांची आणि माझी पहिली भेट कॉलेजात नाही, भंगाराच्या दुकानासमोर झाली. भोसरीत आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो आणि खोलीच्या खालीच ते दुकान होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. एका सकाळी जिना उतरते तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला, एका काळ्याकुट्ट पंपाला कवेत घेऊन उभे. मला पाहताच म्हणाले, "ताई, घाई नसेल तर हे टोक जरा धरता का? रिक्षात चढवलं की तुम्ही मोकळ्या." घाई होती, पण नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. पंप रिक्षात चढला आणि माझ्या नव्या ओढणीवर तेलाचा हा भला मोठा डाग उतरला. मी चिडून विचारलं, "एवढं जिवापाड भंगार नेऊन करणार काय तुम्ही?" ते खुशीत म्हणाले, "भंगार कसलं! हा पंप पेटीतली हवा उपसून काढतो. हवा काढली की केसाहून हजारो पटींनी पातळ थर बनवता येतो. बघायला या कधीतरी." माझ्या ओढणीचं काय झालं, हे त्यांच्या गावीही नसावं असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला तेच गृहस्थ हातात खडू घेऊन वर्गात शिरले. हजेरी घेताना माझ्यापाशी थांबले आणि भर वर्गात विचारलं, "डाग निघाला का हो? नसेल तर रॉकेल लावून बघा." वर्ग खो खो हसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ज्या माणसाला वर्षापूर्वीचा दुसऱ्याच्या ओढणीवरचा डाग आठवतो, त्याच्या हाताखाली शिकायला हरकत नाही, हेही मी त्याच तासाला ठरवून टाकलं. आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. "साठी बुद्धी नाठी" म्हणणाऱ्या मंडळींनी एकदा त्यांच्याशी अर्धा तास वाद घालून पाहावा, एवढंच मी म्हणेन.

सरांचं काम काय, असं मला नातेवाईक विचारतात तेव्हा मी सरांचंच उत्तर वापरते. काही पदार्थ असे असतात की त्यांच्या पोटातून वीज जात नाही, पण अंगावरून जाते. त्यांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात; नावाला घाबरायचं कारण नाही. या पदार्थाच्या अंगावरून धावणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनची एक फिरकी असते आणि ती त्याच्या दिशेशी बांधलेली असते. दिशा बदलली की फिरकीही बदलते, त्यात सूट नाही. सर वर्गात सांगायचे, "कंपनीची शिफ्ट सुटताना गेटवर जाऊन उभे राहा. बाहेर पडणारे सगळे आपापली डावी बाजू धरून चालतात. प्रत्येकाचा तोच एक खांदा गेटाच्या फळीला घासतो. एकाच्या घासण्याने काही होत नाही, पण अख्खी शिफ्ट त्याच खांद्याने लोटायला लागली की फळी फिरणारच." या पदार्थावर चुंबकाचा पातळ थर ठेवला आणि खालून वीज सोडली, की इलेक्ट्रॉनांची अख्खी शिफ्ट त्या चुंबकाला एकाच अंगाने लोटते आणि चुंबक उलटतं. वर तोंड असेल तर एक, खाली तोंड असेल तर शून्य. अशा चुंबकांवर माहिती साठवली तर संगणक आजच्यापेक्षा कितीतरी कमी विजेवर आणि कमी तापून चालतील. सरांनी आयुष्याची उमेदीची वर्षं या उलटण्याच्या मागे घालवली.

यात एक मेख आहे, आणि हा सगळा लेख त्या मेखेवरच टांगलेला आहे. विजेचा लोट उभ्या चुंबकाला आडवं पाडतो. पण आडव्या झालेल्या चुंबकाने आता कोणत्या अंगावर उठायचं, हे त्याला कोणीतरी सुचवावं लागतं. त्यासाठी बाजूला दुसरं एखादं चुंबक ठेवून बारीकसा इशारा द्यावा लागतो. आता संगणकातल्या कोट्यवधी चुंबकांपाशी असा एकेक सुचवणारा कुठून बसवणार? म्हणून बाहेरच्या चुंबकाशिवाय, निव्वळ विजेच्या जोरावर हे काम करून दाखवण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांची चढाओढ चालू असते. या चढाओढीत आम्हीही होतो, भोसरी एमआयडीसीतल्या एका अर्ध्या गाळ्यातून.

कॉलेजात सरांना प्रयोगशाळेसाठी जागा मिळेना, तेव्हा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या गाळ्याची मागची बाजू त्यांना वापरायला दिली. तिथे सरांनी त्या भंगारातल्या पंपासकट सगळा संसार मांडला. परदेशातून मागवायला जे भाग परवडत नव्हते, ते चार गल्ल्या फिरून लेथवर बनवून घेतले. "भोसरीत काय मिळत नाही?" हे सरांचं आवडतं वाक्य. समाईक भिंतीपलीकडे बबनशेठ यांचं प्लेटिंगचं, म्हणजे सुट्या भागांवर धातूचा मुलामा चढवण्याचं, युनिट होतं. शेठ मूळचे भोसरी गावातले, जमीनजुमला असलेले, आवाज असा की त्यांनी फोनवर बोलावं आणि आम्ही भिंतीअलीकडे ऐकावं. सरांवर त्यांचा भारी जीव. खंडेनवमीला ते स्वतःच्या मशिनरीची पूजा आटोपून आमच्या पेटीला झेंडूची माळ घालायला येत. सर देवभोळे अजिबात नाहीत, पण त्यांनी शेठना कधी अडवलं नाही. "माळ घाला शेठ, फक्त तार नको, दोऱ्यात ओवलेली आणा," एवढीच त्यांची अट. दुसऱ्या वर्षीपासून शेठ स्वतः बसून माळ दोऱ्यात ओवायला लागले.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, हे इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रविवारी आमच्या गल्ल्या गजबजलेल्या असतात आणि गुरुवारी चिटपाखरू नसतं. त्यामुळे जड सामान हलवायचं, यंत्र बसवायचं, ते गुरुवारी. आमची प्रयोगशाळाही गुरुवारीच लागली. सर कामाला पक्के. पहिलं मोजमाप त्यांनी कसलं केलं असेल, तर खोलीत कुठून बाहेरचं चुंबकत्व येतंय का, याचं. दिवसभर उपकरण कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं, खोली स्वच्छ निघाली. मग काम सुरू झालं आणि शेजारपाजाऱ्यांसारखी आम्हीही गुरुवारची सुट्टी घ्यायला लागलो. त्या दिवशी सरांचे कॉलेजात तास असत, आणि माझे वडील, अण्णा, घरी असत. पुढे काय झालं हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल. आम्हाला मात्र ते ओळखायला काही वर्षं लागली, आणि आम्ही दोघंही पदार्थविज्ञानाची माणसं.

माझ्या पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी आमचं चुंबक बाहेरच्या मदतीशिवाय उलटलं. पडद्यावर चुंबकाचं तोंड दाखवणारी रेघ वर होती, वीज सोडली आणि ती टपकन खाली आली. उलट वीज सोडली, परत वर. मी ओरडलेच. सर ओरडले नाहीत. त्यांनी ते सगळं माझ्याकडून पुन्हा पुन्हा, थराच्या नव्या तुकड्यावर, वायरी बदलून करून घेतलं. दर खेपेला उलटलं. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "आता लिहा." परदेशातल्या एका नावाजलेल्या नियतकालिकाने आमचा निबंध स्वीकारला. माझा सगळा प्रबंध या एका निष्कर्षावर उभा होता. प्रबंध सादर झाला की चाकणच्या एका सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत मला नोकरी मिळायची होती. शिष्यवृत्ती संपत आली होती आणि आयुष्यभर कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसपुढे उभे राहिलेले अण्णा वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. धाकट्या भावाचं शिक्षण बाकी होतं. घरात माझ्या नावामागे 'डॉक्टर' लावून हाका मारायलाही सुरुवात झाली होती.

निबंध छापून यायच्या आधी बंगळूरूचे एक ज्येष्ठ प्राध्यापक पुण्यात कामाला आले होते. या विषयातला त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी प्रयोग डोळ्यांनी बघायची इच्छा दाखवली आणि त्यांना मोकळा दिवस मिळाला तो नेमका गुरुवार. सरांनी आनंदाने गाळा उघडला. चहाची टपरी बंद, म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, घरून थर्मास आणि कोथिंबीर वड्या दिल्या होत्या. मी नवी साडी नेसले होते. पाहुणे बसले, मी वीज सोडली. रेघ अर्ध्यावर आली आणि तिथेच लोंबकळत राहिली. पुन्हा सोडली. पुन्हा तेच. मी वायरी तपासल्या, तुकडा बदलला, मनातल्या मनात सगळ्या देवांना साकडं घातलं. चुंबक आडवं पडत होतं, पण उठायला तयार नव्हतं. पाहुणे फार सभ्य. वड्यांची मनापासून तारीफ करून, "होतं असं कधी कधी," म्हणून गेले. त्यांच्या त्या सभ्यपणाने माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सर त्यांना पोचवून परत आले आणि स्टुलावर बसले. रागावले नव्हते. त्यांनी विचारलं, "आज नेमकं वेगळं काय आहे?"

मी आधीच रडकुंडीला आले होते. म्हटलं, "काही वेगळं नाही, सर. गुरुवार आहे. आज इथे कोणाचंच काही चालत नाही, मग आपलं तरी का चालावं?"

सर ताडकन उठले. "परत म्हणा."

"काय?"

"कोणाचंच काही चालत नाही म्हणालात ना? कोणाकोणाचं?" आणि ते सरळ बबनशेठच्या बाजूच्या भिंतीपाशी गेले. भिंतीला कान लावला. भिंत मुकी होती. एरवी दिवसभर तिथून घूं घूं आवाज यायचा आणि तो आमच्या इतका अंगवळणी पडला होता की तो नाही, हेही आम्हाला जाणवलं नव्हतं. प्लेटिंगच्या टाक्यांना प्रचंड वीजप्रवाह लागतो, आणि तो नेणाऱ्या तांब्याच्या जाड पट्ट्या शेठनी त्याच भिंतीच्या कडेने नेल्या होत्या. जिथे वीज वाहते तिथे चुंबकत्व असतं, हे शाळेतली पोरंही सांगतील. सरांनी शेठना फोन लावला.

शेठ लेंग्यावरच बुलेट घेऊन आले. सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेठनी मान डोलावत ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजी सायेब, तुमचं चुंबक आमच्या लायनीवर उलटत व्हतं व्हय?"

"तसंच दिसतंय. खात्री करून घ्यायची आहे. लाईन रिकामी चालू करता येईल?"

"न करायला काय झालं? आत्ता करतो. आन् आयका, त्या पाहुण्यास्नी परत बोलवा. कवाबी येऊंद्यात, गुरवारी बी आमी लाईन चालू ठेवतो. आपल्या मान्सांची इज्जत हाय ती. कुनाला काय कळत न्हाई."

खरं सांगायचं तर शेठचा तो प्रस्ताव मला त्या क्षणी देवाच्या तोंडचा वाटला. सर मात्र मोठ्याने हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शेठ, तुमचं मन मोठं आहे. पण मग जगभर जिथे जिथे हा प्रयोग होईल, तिथे तिथे शेजारी तुमचं एकेक युनिट टाकावं लागेल."

"टाकू की!" शेठ म्हणाले.

पलीकडे शेठनी टाक्यांत चार जुने पत्रे टांगून प्रवाह चालू केला. घूं घूं सुरू झालं. मी वीज सोडली आणि चुंबक टपकन उलटलं. सरांनी भिंतीवर थाप मारली, शेठनी लाईन बंद केली. आता उलटेना. परत चालू, परत उलटलं. सर प्रत्येक वेळी "वा!" म्हणत होते. स्वतःच्या हाताने स्वतःचं यश मोडीत काढताना इतका आनंदलेला माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. मला मात्र तो आनंद असह्य होत होता. मी त्यांना तोडून बोलले, "सर, तुम्ही कशावर एवढे खूश होताय? माझा प्रबंध गेला."

ते थांबले. खुर्ची माझ्यासमोर ओढून बसले आणि म्हणाले, "गेला. चूक माझी आहे. खोली मी मोजली, तीही सुट्टीच्या दिवशी. निबंध मागे घ्यायचा आहे, पण त्यावर तुमचंही नाव आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कळवणार नाही. आज नका सांगू. घरी जा, जेवा."

मी हो म्हणायला तयार नव्हते. निबंध स्वीकारला गेला होता. बंगळूरूचे पाहुणे भल्या मनाने गप्प बसले असते. भोसरीत गुरुवारी येऊन आमचं चुंबक तपासणारा दुसरा कोण जन्माला आला होता? मी दोन दिवस गाळ्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर स्वतः आमच्या खोलीवर आले. मला वाटलं माझी समजूत घालायला आले असतील. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. आईने दिलेल्या पाटावर मांडी घालून ते अण्णांसमोर बसले आणि म्हणाले, "अण्णा, तुमच्या मुलीची पदवी लांबणार आहे. तिचा दोष नाही. माझ्याकडून तपासणी चुकली. हे तुम्हाला तिच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून कळायला हवं म्हणून आलो."

अण्णा लातूरकडचे, बोलायला मोजके. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, तुम्ही म्हणलालाव ते मला काई उमजत नाई. येकच सांगा. पोरीची येवढी वर्षं मातीत गेली का?"

"नाही," सर म्हणाले. "ती जाऊ देणार नाही. पण मला थोडा वेळ द्या."

"मंग घ्या की वेळ. चहा घ्या आदी."

सर चहा प्यायले, पंपाच्या डागाच्या ओढणीची गोष्ट सांगून आईला हसवलं आणि गेले. त्यांच्या मागोमाग मी जिना उतरले आणि खाली दुकानापाशी त्यांना म्हटलं, "कळवून टाका." ते फक्त "बरं" म्हणाले. निबंध मागे घेताना त्यांनी संपादकांना जे लिहिलं आणि बंगळूरूच्या प्राध्यापकांनाही पाठवलं, त्यात खोलीचं मोजमाप आपण एकट्याने केल्याचं त्यांनी स्पष्ट नमूद केलं होतं. मोजताना उपकरणाचं दुसरं टोक धरून मीच उभी होते, याची मी त्यांना आठवण करून दिली, तर म्हणाले, "टोक धरण्याची तुम्हाला सवयच आहे."

या प्रकरणाची किंमत सरांनी मोजली. मिळू घातलेला एक मोठा प्रकल्प हातचा गेला. कॉलेजात काही मंडळी त्यांना "गुरुवारचे सर" म्हणायला लागली. सरांनी ते नाव इतक्या आनंदाने स्वीकारलं की चिडवणाऱ्यांची मजाच गेली. नव्या वर्गाला पहिल्या तासाला ते आपली ही फजिती स्वतःच रंगवून सांगू लागले. माझी शिष्यवृत्ती संपली तेव्हा कॉलेजात मला तासिका मिळवून दिल्या त्यांनीच. चाकणच्या कंपनीने विचारणा केली, तेव्हा मला न सांगता ते बस बदलत चाकणला गेले आणि तिथल्या साहेबांना म्हणाले, "उशीर माझ्यामुळे होतोय. हिची वाट पाहा, फायद्यात राहाल." हे मला नोकरी लागल्यावर त्या साहेबांकडून कळलं. सरांना विचारलं तर म्हणाले, "मी चाकणला दुसऱ्या कामाने गेलो होतो." चाकणला सरांचं दुसरं काय काम असणार!

आणि प्रबंध? तो शेठच्या लाईनीनेच तारला. सगळं शांत झाल्यावर सरांच्या डोक्यात एक गोष्ट घोळायला लागली. भिंतीपलीकडच्या पट्ट्यांमधून आमच्यापर्यंत पोचणारं चुंबकत्व होतं तरी केवढं? फारच किरकोळ. मग एवढ्याशा इशाऱ्यावर आमचं चुंबक उठलं कसं? इतरांना तर चांगला भक्कम इशारा द्यावा लागत होता. म्हणजे आमच्या थरात काहीतरी खास होतं. आम्ही यंत्र भिंतीपासून दूर हलवलं, खोली आता कामाच्या दिवशी मोजली, छोटं मोजून घेतलेलं चुंबक शेजारी ठेवलं आणि किती कमी इशाऱ्यावर काम भागतं ते पायरीपायरीने शोधत गेलो. "बाहेरच्या मदतीशिवाय" हे शब्द प्रबंधातून गेले आणि "अगदी थोड्या मदतीने" हे आले. दावा लहान झाला, पण कोणीही, कुठेही, कोणत्याही वारी तपासावा असा झाला. आभाराच्या पानावर बबनशेठचं नाव आहे. शेठनी ते पान मोठं करून ऑफिसात काचेत लावलंय आणि गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या लायनीवर येक पीएच.डी. झालीय."

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून कोण यावेत? बंगळूरूचे तेच प्राध्यापक. प्रबंध त्यांनी बारकाईने वाचला होता. पहिला प्रश्न विचारण्याआधी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आज वार कोणता?" सगळी खोली हसली, सर सगळ्यात मोठ्याने. नंतर प्राध्यापकांनी दोन तास मला घाम फोडला, तो भाग वेगळा. निघताना ते सरांना म्हणाले की, त्या दिवशी तुमच्या गाळ्यातून मी निराश होऊन गेलो होतो, पण तुमचं पत्र वाचल्यावर माझ्या विद्यार्थ्यांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. सरांनी विषय बदलला आणि काकूंच्या कोथिंबीर वड्या पुढे केल्या.

सरांच्या चांगुलपणाचे असे किस्से या ग्रंथात इतरांनीही लिहिले असतील. मला त्यांचे दोषही माहीत आहेत. ते फोन उचलत नाहीत. दुसऱ्याची पेनं खिशात घालून नेतात. चर्चेच्या भरात समोरच्याच्या कपातला चहा पिऊन टाकतात आणि "माझा कप कुठंय?" म्हणून शोधत बसतात. काकूंनी हे सगळं कसं निभावलं, यावर खरं तर वेगळा गौरवग्रंथ निघायला हवा. पण विद्यार्थ्याला "अरे-तुरे" केलेलं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि विद्यार्थ्याची चूक त्यांनी चारचौघांत काढलेली मला आठवत नाही. स्वतःची मात्र ते गावभर सांगत फिरतात.

आता सर कॉलेजातून निवृत्त झाले तरी गाळा सुटलेला नाही. दर शनिवारी मी चाकणहून येते, तर दोन नव्या विद्यार्थिनी आणि सर पेटीभोवती उकिडवे बसलेले असतात. थरांची रचना थोडी तिरकी केली, तर इशारा आतूनच मिळेल आणि बाहेरच्या चुंबकाची गरज उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. अजून जमलेलं नाही. परवा एकदा जमल्यासारखं वाटलं, तर त्यांनी पहिल्यांदा मुलींना भिंतीपलीकडे, वरच्या मजल्यावर आणि बाहेर उभ्या असलेल्या ट्रकपाशी जाऊन मोजून यायला पिटाळलं. ट्रकच निघाला.

सर, तुम्हाला दीर्घायुष्य चिंतायचं तर त्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. ते चुंबक आपल्या आपण उठलेलं मला तुमच्या शेजारी बसून बघायचं आहे, आणि त्याला किती वर्षं लागतील हे तुम्हालाही ठाऊक नाही. तेव्हा तितकी वर्षं तुमचे गुडघे, डोळे आणि ते मोठ्याने हसणं शाबूत राहो. काकू तुमच्या सोबत असोत आणि तुमचा चहा तुमच्याच कपात असो. तो निबंध तुम्ही मागे घेतला नसतात, तर मी दीड वर्ष आधी डॉक्टर झाले असते, आणि दर गुरुवारी मला कोणीतरी दार वाजवेल अशी धास्ती वाटत राहिली असती. आज माझ्या नावामागे 'डॉक्टर' हे जे बिरूद लागतं, ते आठवड्याचे सगळे दिवस खरं आहे. ते तुम्ही मला दिलंत.